घरीच सर्व्हिसिंग करायचं ठरवलंय, पहिली हत्यारं कोणती घेऊ?

निळी_हॅचबॅक:

नमस्कार. माझी सात वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे. बाराशे सीसी, मॅन्युअल गिअर, ६८ हजार किलोमीटर झालेत. गेल्या सर्व्हिसिंगला गाडी द्यायच्या आदल्या दिवशी मी एअर फिल्टरच्या कडेला पेनाने एक टिंब काढून ठेवलं होतं. बिलात नवा एअर फिल्टर लावला होता. घरी येऊन डबा उघडला तर तेच टिंब माझ्याकडे बघतंय. फिल्टरच्या घड्यांत आधीची वाळकी पानंसुद्धा तशीच. मग मनात आलं की ऑइल फिल्टर तरी बदलला असेल का? ते तपासायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

राग आलाच. पण तो डबा चार क्लिपांवर होता आणि उघडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तेव्हापासून डोक्यात बसलंय की ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग एवढं तरी मी स्वतः करायचं.

आता प्रश्न. दीडशे नगांचा तयार संच घ्यावा, की सुटी हत्यारं? गाडीसोबत आलेला जॅक चालेल का? टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या मापाइतकाच आवळणारा पान्हा, घरगुती कामाला खरंच लागतो? आणि गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा, मोबाइलला जोडायचा स्कॅनर आधी घ्यावा की नंतर? पार्किंगची जागा सपाट आहे, सिमेंटची आहे. याआधी मी फक्त स्टेपनी बदललेली आहे.

रविवारचा_मिस्त्री:

संच घेऊन टाका, पुढे कधी ना कधी सगळं लागतं. टॉर्क रेंचची गरज नाही, तो इंजिन उघडणाऱ्यांसाठी. चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट हाताला कळतो. मी बारा वर्षं असंच करतोय, एकदाही गळती नाही.

जुना_फिटर:

मी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो. घरच्या गाड्यांचं काम त्याहूनही आधीपासून करतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण वरच्या सल्ल्यातल्या दोन गोष्टी मला पटत नाहीत आणि त्यातली एक महागात पडू शकते.

सर्वांत आधी जॅक. गाडीसोबतचा कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्यावर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. गाडी उचलायला ट्रॉली जॅक घ्या आणि पेलायला दोन जॅक स्टँड. गॅरेजात त्यांना घोडी म्हणतात. पैसे कमी असतील तर बाकी सगळं पुढे ढकला, घोडी ढकलू नका. हायड्रॉलिक जॅकमध्ये वजन पेलणारं तेल एका रबरी सीलच्या भरवशावर असतं. ते सील आज चांगलं आहे म्हणून अर्ध्या तासाने चांगलं असेलच असं नाही. घोडीत मात्र लोखंडावर लोखंड बसतं.

जॅक कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला बहुधा दोन खाचा असतात, त्यांच्या मधली जागा मजबूत केलेली असते. तिथून चार बोटं सरकलात तर पत्रा आत दबतो. पुढची बाजू उचलणार असाल तर मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. हॅन्डब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांवर असतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की तो काहीच धरत नाही. तेव्हा ठोकळे पुढच्या चाकांना, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. गाडी घोडीवर बसली की खाली जाण्याआधी बाजूने जोर लावून हलवून बघा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवतो मी. वाया काहीच जात नाही आणि वेळ आलीच तर गाडी आणि जमीन यांच्यात तेवढी जागा उरते.

आता संच. दीडशे नगांतले शंभर तुम्ही कधी हातात घेणार नाही. तुमच्या कामाला ८, १०, १२, १४, १७, १९ आणि बहुधा १३ मिलिमीटरचे सॉकेट, ते फिरवायला एक ३/८ इंची रॅचेट, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेंशन, आणि याच मापांचे रिंग स्पॅनर एवढं पुरतं. सॉकेट षटकोनी तोंडाचे घ्या, बारा कोनी नकोत. बारा कोनी सॉकेट बोल्टच्या कोपऱ्यांवर धरतो, षटकोनी सपाट बाजूंवर. जुना गंजका बोल्ट असेल तर बारा कोनीने कोपरे गोल होतात, आणि गोल झालेला बोल्ट काढण्यात आख्खा दिवस जातो. १० चा सॉकेट दोन घ्या, तो हरवतोच.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. जपानी घराण्याच्या गाड्यांत बऱ्याच स्क्रूंची चौफुली साध्या फिलिप्ससारखी दिसते, पण तिचा आकार थोडा निराळा असतो. काहींच्या डोक्यावर बारीक खड्डा असतो, ती तिची खूण. त्यात साधा फिलिप्स घातला की तो वर चढतो आणि चौफुली खरवडून निघते. त्यासाठी जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाचा, स्क्रू ड्रायव्हर वेगळा मिळतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो, टॉर्क रेंच.

बोल्ट हा एक ताठ स्प्रिंग असतो. तो आवळताना आपण त्याला किंचित ताणत असतो, आणि त्या ताणाने तो दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. आपण पान्ह्याला लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के घर्षणात जातो, डोक्याखाली आणि आट्यांत. खरा ताण द्यायला उरतो दहाएक टक्के. म्हणूनच हाताला जो घट्टपणा जाणवतो तो बहुतांश घर्षणाचा असतो. आटे गंजलेले असले तर बोल्ट घट्ट वाटतो पण ताण नसतो, तेलकट असले तर सैल वाटतो आणि ताण केव्हाच पुढे गेलेला असतो. टूलरूममध्ये नव्या मुलांना आम्ही सारखेच बोल्ट द्यायचो आणि चाळीस न्यूटन-मीटरच्या (आवळण्याच्या जोराचं माप) अंदाजाने आवळायला लावायचो. मग रेंचने मोजायचो. कुणाचे पंचवीस निघायचे, कुणाचे सत्तर, आणि प्रत्येकाला आपला हात बरोबर आहे अशी खात्री असायची. हात शिकतो हे खरं, पण मोजलेल्या घट्टपणाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं तरच.

चेंबरचा बोल्ट स्टीलचा असतो आणि आजच्या पुष्कळ गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं. दोघांच्या ओढाताणीत कायम ॲल्युमिनियम हरतं. माझ्याकडे शेजारची एक गाडी आली होती, कुठल्याशा गॅरेजात दर वेळी थोडं थोडं जास्त आवळून चेंबरचे आटे मेलेले. बोल्टसोबत आट्यांची चकचकीत वेटोळी बाहेर आली. नवीन आटे पाडून आत स्टीलची स्प्रिंग बसवावी लागली. वीस मिनिटांच्या कामाचे दोन दिवस झाले.

अंदाजासाठी एक हिशेब लक्षात ठेवा. एक मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला एक किलो वजन टांगलं की सुमारे दहा न्यूटन-मीटर होतात. म्हणजे ३५ न्यूटन-मीटरसाठी पंचवीस सेंटिमीटरच्या दांड्यावर चौदा किलोचा जोर. हा आकडा तुमच्या गाडीचा असेलच असं नाही, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा.

रेंच घेताना मोजमापाची कक्षा बघा. ४० ते २०० न्यूटन-मीटरचा रेंच चाकाच्या नटांना उत्तम, पण त्याच्या तळच्या टोकाला तो भरवशाचा राहत नाही, आणि प्लगसाठी तर बिनकामाचा. घरासाठी १० ते ६० च्या आसपासचा एक आणि जमेल तेव्हा मोठा एक. त्याने बोल्ट सोडवायचा नाही, त्यासाठी साधा दांडा वापरा. हळू, एकसारखा ओढायचा, एकदा टक् झालं की थांबायचं. दोनदा टक् करणारे जास्त आवळतात. काम झालं की त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवायचा, म्हणजे आतली स्प्रिंग दबून राहत नाही.

चाकाचे नट गाडी जॅकवर असताना फक्त हलके बसवा, एकाआड एक. शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासा.

स्कॅनरबद्दल मला फार कळत नाही, जाणकारांनी सांगावं.

रात्रपाळी:

स्कॅनरचं मी सांगते. घ्यायला हरकत नाही, पण आधी मल्टिमीटर घ्या, तो जास्त वेळा लागतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी आहे. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतं, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा जनरेटर) बॅटरी भरतोय. गाडी सकाळी सुरू होत नाही या तक्रारीतली निम्मी उत्तरं या दोन आकड्यांत सापडतात. बॅटरी काढताना वजा टोक आधी, लावताना शेवटी. उलट केलं आणि पान्हा बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि पान्हा तापून लाल होतो.

स्कॅनर बसतो तो सोळा पिनांचा सॉकेट बहुधा स्टिअरिंगखालीच सापडतो. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे, हे मनाशी पक्कं करा. माझ्या गाडीत पी०१७१ आला होता. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. मला सगळ्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं. मी इंजिन सुरू ठेवून कान लावला तर इनटेकच्या एका रबरी नळीतून सूं असा आवाज. नळी सांध्यावर चिरली होती. नळी बदलली, कोड पुसला, तीन वर्षं झाली, परत आलेला नाही. सेन्सर बिचारा खरं सांगत होता.

तेल_पाणी_हवा:

माझी एक चूक लिहितो, तुमच्या हातून होऊ नये म्हणून. पहिल्याच वेळी मी गाडीखाली जाऊन दिसला तो बोल्ट सोडला. पातळ, फिकट तेल आलं. ऑइल अजून चांगलं आहे असं वाटलं, बोल्ट बंद केला आणि वरून इंजिनमध्ये पूर्ण नवीन ऑइल ओतलं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी खुणेच्या कितीतरी वर. तेव्हा कळलं की रिकामा केला तो गिअरबॉक्स. इंजिनात दुप्पट ऑइल, गिअरबॉक्स कोरडा. सुदैवाने गाडी सुरू केली नव्हती.

वापरलेलं इंजिन ऑइल काळं असतं. गिअरचं फिकट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. बोल्ट सोडण्याआधी ऑइल फिल्टर शोधा, चेंबर त्याच्या जवळ असतं, आणि मॅन्युअलमधलं चित्र फोनमध्ये घेऊनच खाली जा. दुसरं, कुठलंही तेल काढण्याआधी ते भरायचं झाकण उघडून बघा. भरायचं झाकण अडकून बसलं असेल आणि तुम्ही आधीच सगळं काढून टाकलं असेल तर गाडी जागची हलत नाही.

काढलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि वापरलेलं तेल घेणाऱ्यांना द्या. गटारात किंवा मातीत अजिबात नको. आणि नायट्रिलचे हातमोजे घाला. वापरलेलं ऑइल रोज रोज कातडीला लागणं वाईट, त्यात कर्करोगाला कारण होणारे घटक असतात.

निळी_हॅचबॅक:

सगळ्यांचे मनापासून आभार. घोडी, ट्रॉली जॅक, सुटे सॉकेट आणि १० ते ६० चा रेंच घेतला. मॅन्युअल दोनदा वाचलं. चेंबरच्या बोल्टला ३५ न्यूटन-मीटर दिलेत, फिटरसाहेबांचा आकडा योगायोगाने तोच निघाला. ऑइल ५डब्ल्यू-३० ग्रेडचं, फिल्टरसकट साडेतीन लिटर.

दोन शंका. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा हवाच का? आणि फिल्टर किती घट्ट? त्याला तर रेंच लागत नाही.

जुना_फिटर:

वॉशर नवाच. तो तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, मुद्दाम मऊ. पहिल्यांदा आवळताना तो चेपून दोन्ही पृष्ठभागांतल्या बारीक खाचा भरतो. एकदा चेपला की दुसऱ्यांदा तसा चेपत नाही. मग थेंब येतो, थेंब थांबवायला माणूस अजून आवळतो, आणि आटे मरायची सुरुवात तिथूनच होते.

फिल्टरच्या रबरी कड्याला नवीन ऑइलचं बोट फिरवा. हाताने फिरवत रबर टेकेपर्यंत न्या, तिथून पाऊण फेरी. बहुतेक फिल्टरच्या डब्यावरच हे लिहिलेलं असतं. त्याआधी एक गोष्ट मात्र नक्की बघा, जुना फिल्टर काढला तेव्हा त्याचं रबर त्याच्यासोबतच आलं का. कधी कधी ते इंजिनला चिकटून राहतं आणि त्यावर नवीन बसतं. दोन रबरं एकावर एक टिकत नाहीत, इंजिन सुरू केल्यावर दाबाने निसटतात आणि सगळं ऑइल काही क्षणांत जमिनीवर.

ऑइल काढण्याआधी इंजिन चार-पाच मिनिटं चालवा. कोमट ऑइल भरभर वाहतं आणि गाळ सोबत नेतं. फार तापवू नका, हात भाजेल. भरताना तीन लिटर ओता, एक मिनिट इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं. आणि वरून हात घालून खालचा बोल्ट सोडवत असाल तर दिशा उलटी वाटते. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून उभे आहात असं मनात धरा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. या गोंधळात लोक सोडायच्या ऐवजी आवळत बसलेले मी पाहिलेत.

रविवारचा_मिस्त्री:

वॉशरचं मला माहीत नव्हतं. बारा वर्षं तोच वापरतोय आणि हो, दर वेळी थोडं जास्त आवळावं लागतं. परवा करताना मोजून बघतो.

निळी_हॅचबॅक:

झालं! काल सकाळी सुरू केलं, अडीच तास लागले. त्यातला पाऊण तास गाडी घोडीवर नीट बसली की नाही हे पुन्हा पुन्हा बघण्यात गेला. चेंबरचा बोल्ट इतका आवळलेला होता की लांब दांड्यावर जवळजवळ लोंबकळावं लागलं. आटे शाबूत आहेत, बोटाने आणि टॉर्चने तपासले. नवीन वॉशर, ३५ वर एक टक्. ऑइल फिल्टरवर धुळीचा जाड थर होता, म्हणजे तोही गेल्या वेळी बदललेला नव्हता. खाली पुठ्ठा पसरून ठेवला होता, आज सकाळी कोरडा आहे.

तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि प्रत्येक बोल्टचा टॉर्क लिहायला एक वही केलीय.

चाक काढलंच होतं म्हणून ब्रेक पॅडही बघितले. पुढच्या डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड सहा मिलिमीटर, आतला जेमतेम तीन. उजवीकडे दोन्ही साडेपाचच्या आसपास. हे नेहमीचं असतं का?

जुना_फिटर:

उजवीकडे सारखे आणि डावीकडे निम्मा फरक, हे नेहमीचं नाही. तीन मिलिमीटर म्हणजे तो पॅड बदलायच्या मर्यादेवर आलाय. पॅड बदलताना डावे-उजवे दोन्ही एकदम बदला, एकाच बाजूचे नकोत.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्यातली एक पिन सुकून अडकली की कॅलिपर सरकत नाही, पिस्टन आतल्याच पॅडला दाबत राहतो आणि बाहेरचा आरामात राहतो. पिना बाहेर काढा, कापडाने पुसा, गंजाचे डाग किंवा ओरखडे आहेत का बघा. हाताने ढकलल्यावर दोन्ही सहज आतबाहेर व्हायला हव्यात. पिना ठीक निघाल्या तर पिस्टन परत जातो का ते बघा, तोही अडकत असेल. ग्रीस फक्त ब्रेकचं, सिलिकॉनचं. साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतो आणि पिन पुन्हा अडकते. डब्ल्यूडी-४० सुद्धा तिथे नको. ते १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनलं, नावातला डब्ल्यूडी त्याचाच (वॉटर डिस्प्लेसमेंट), ग्रीसची जागा ते घेत नाही.

कॅलिपर काढल्यावर रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीकडे लक्ष ठेवा, ब्रेक ऑइल वर येऊन सांडतं आणि गाडीचा रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नावात ऑइल असलं तरी ते तेल नव्हे, त्या टाकीत चुकूनही इंजिन ऑइलचा थेंब जाऊ देऊ नका, सगळी सीलं फुगतील. झाकणावर डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) लिहिलं असेल तर तेच, नव्या बंद डब्यातलं. ते हवेतली ओल शोषतं, उघडून ठेवलेला डबा वर्षभराने वापरू नये.

बसवून झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पहिल्या दोन-तीन दाबांना ते थेट तळाला जाईल, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. ते विसरून गाडी काढली तर पहिल्या वळणावर ब्रेक नसतो.

पिनांचा फोटो टाका. आणि वहीत आजचे चारही आकडे लिहा, पुढच्या वेळी डावीकडचा फरक वाढला की कमी झाला ते त्यावरूनच कळेल.